कोबीचं वाण

गेल्या हिवाळ्यात मी आमच्या परसातल्या कोबीला पंधरा दिवस रोज बर्फ घातला. पूर्ण शुद्धीत घातला. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोव्यातल्या आमच्या मांद्रे गावात ही गोष्ट आता माझ्यापेक्षा इतर लोकच जास्त रंगवून सांगतात, आणि दरवेळी त्यात बर्फाची एक लादी वाढते. लाद्या नव्हत्या. अर्धी बादली बर्फाचा चुरा होता, आणि तोसुद्धा मासळीचा.

डिचोलीच्या एका खाणीवर मी तीस वर्षं टाइमकीपर होतो. कुठला ट्रक किती वाजता आला, किती वाजता गेला, मधे कुठे रेंगाळला, याची नोंद ठेवणं हे माझं काम. निवृत्त होऊन घरी बसलो तेव्हा नोंद ठेवण्यासारखं काहीच समोर येईना, म्हणून मी स्वयंपाकघराकडे लक्ष वळवलं. उकड्या तांदळाला आधण यायला किती मिनिटं लागतात ते मोजलं. नारळ खवायला रोज वेगवेगळा वेळ का लागतो, असं विचारलं. आठव्या दिवशी सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, शांतपणे सांगितलं की यापुढे चहा हवा असेल तर उंबऱ्याबाहेर उभं राहून मागायचा.

तो उंबऱ्याबाहेरचा काळ चालू असतानाच नोव्हेंबरात तिच्या भजनी मंडळाच्या बायका आमच्या बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, जमल्या. विषय निघाला संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा. यंदा वाण काय द्यायचं? प्रत्येकीच्या घरी प्लास्टिकचे डबे इतके झाले होते की डबे ठेवायला डबे लागत होते. स्टीलच्या वाट्या झाल्या होत्या, गाळण्या झाल्या होत्या, कुणी तरी मागच्या वर्षी साबणदाण्या दिल्या होत्या आणि त्या मुळात तिलाच कुणी तरी आदल्या वर्षी दिलेल्या होत्या.

मी दारातून म्हणालो, "आमच्याकडून यंदा कोबी."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. इतक्या बायका एकाच वेळी माझ्याकडे लक्ष देऊन बघताहेत हा प्रसंग माझ्या आयुष्यात लग्नानंतर पहिल्यांदाच आला होता. त्या भरात मी पुढे सांगितलं की कोबी विकतचा नव्हे, घरचा, परसातला, प्रत्येकीला एक अख्खा गड्डा.

"चाळीस बायका येतात," सुनंदा म्हणाली.

"मग चाळीस गड्डे."

(लोक मला अजून विचारतात, कोबीच का? त्याला काही कारण नाही. समोरच्या ताटलीत कोबीची भजी होती. त्या दिवशी ताटलीत केळ्याची असती तर मी केळी म्हणालो असतो, आणि केळीच्या बागा आमच्या पेडणे तालुक्यात आपोआप होतात.)

कोबीला थंडी लागते आणि लावल्यापासून तयार व्हायला ऐंशी दिवस लागतात, हे मी पुस्तकात वाचलं. पण घोषणेनंतर वाचलं. आमच्या हळदीकुंकवाला दिवस उरले होते साठ. आणि मांद्र्याची थंडी म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत, तीही सकाळी साडेसहा ते आठ. आठनंतर अंगात स्वेटर दिसला तर तो माणूस एक तर तापाने आजारी असतो, नाही तर स्वेटर सासरहून आलेला असतो. त्यात यंदा पाऊस नोव्हेंबरभर रेंगाळला होता. पण मी म्हटलं, तीस वर्षं मी ट्रकांना वेळेवर हलवलं आहे, भाजीला हलवता येणार नाही?

पाऊस थांबल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी मी म्हापशाच्या बाजारात रोपं आणायला गेलो. एक बाई टोपलीत रोपांच्या जुड्या घेऊन बसली होती, काही पांढऱ्या दोऱ्याने बांधलेल्या, काही तांबड्या. मी तिला कोबीबद्दल विचारलं आणि तिने उत्तर देण्याआधी मीच तिला कोबीची माहिती द्यायला लागलो, कारण पुस्तक नुकतंच वाचून झालं होतं. ती मधे मधे दोऱ्यांकडे बोट करून काही तरी सांगत होती. मी तिला म्हटलं, मुळांना हवा लागते ते तुला ठाऊक आहे का? तिने बोलणं सोडून दिलं. मग मला सगळ्यात टवटवीत दिसल्या त्या जुड्या मीच उचलल्या आणि पिशवीत घातल्या. त्रेचाळीस रोपं. तीन जादा, मरतील म्हणून.

आमचं परस घराच्या मागे खाली आहे. चिऱ्यात कोरलेल्या बारा पायऱ्या उतरून जावं लागतं. सुनंदाचा गुडघा गेली तीन वर्षं दुखतो, त्यामुळे ती खाली उतरत नाही. हे मला तेव्हा सोयीचं वाटलं. सगळं श्रेय एकट्याला मिळावं म्हणून मी वाफ्यांभोवती हिरवी जाळी मारली, आत येण्यास मनाई केली, प्रत्येक रोपाला नंबराची पट्टी लावली आणि रोज सकाळी सात वाजता हजेरी घ्यायला सुरुवात केली. एक ते त्रेचाळीस. सगळे हजर.

आणि सांगायला आनंद वाटतो की रोपं वाढली. तीन आठवड्यांत अशी फोफावली की सकाळी पाव घेऊन येणारा पोदेरसुद्धा सायकल टेकवून जाळीपाशी उभा राहायचा. फक्त एकच गोष्ट होत नव्हती. गड्डा धरत नव्हता. पानं आत वळायची सोडून, देवळात नवस बोलणाऱ्या माणसाच्या हातांसारखी वर आणि बाहेर पसरत होती.

शेजारी माझ्या चुलतभावाची बायको राहते, शालू वहिनी. तिच्या परसात तांबडी भाजी, मुळा, अळसांदे, मिरची असं सगळं बारा महिने पिकतं आणि त्यासाठी तिने आजवर एकही पुस्तक वाचलेलं नाही, हे मला खटकायचं. एका सकाळी ती जनेलातून, म्हणजे खिडकीतून, माझ्या वाफ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"भावजी, तुमी रागावश्यात," ती म्हणाली, "पण ही पानां माका कोबीची दिसनत नाय."

मी रागावलो नाही. मी हसलो. माझ्यासारख्या नवख्या माणसाचा कोबी असा वाढलेला बघून तिच्यासारख्या जुन्या जाणत्या बाईच्या पोटात दुखणं साहजिक आहे, असं मी मनात म्हटलं आणि तिला सांगितलं की हा सुधारित कोबी आहे.

"तसां आसात मगे," असं म्हणून तिने जनेल लावून घेतलं.

पण डिसेंबर संपत आला तरी पानं वळेनात. तेव्हा मी ठरवलं की जे रोपाला जमत नाही ते माणसाने करून द्यावं. सुनंदाकडे जुनी सुती साडी मागितली. तिने कपाटाच्या खालच्या फळीवरची घ्या म्हणून सांगितलं. मी मधल्या फळीवरची घेतली. तिच्या फाडून चिंध्या केल्या, एकेका झाडाची पानं वर उचलली आणि डोक्याला रुमाल बांधावा तशी वरून घट्ट बांधून टाकली. त्रेचाळीस झाडं, त्रेचाळीस अबोली रंगाच्या गाठी. संध्याकाळी सुनंदा मागच्या दारात आली, बारा पायऱ्यांवरून तिने खाली बघितलं आणि दोन दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ती साडी तिला भावाने भाऊबिजेला ओवाळणीत घातली होती. दोनच महिन्यांपूर्वी.

गावात बातमी झाली की भाऊच्या, म्हणजे माझ्या, कोबीला गालगुंड झालंय.

मी तालुक्याच्या शेतकी ऑफिसात फोन केला. एका तरुण मुलीने घेतला. मी तिला सांगितलं की कोबी गड्डा धरत नाही. तिने विचारलं, "वाण कोणता?"

"हळदीकुंकवाचं," मी म्हणालो.

मग तिने अतिशय नम्रपणे सांगितलं की तिला बियाण्याची जात विचारायची होती. जात मला माहीत नव्हती. तेव्हा तिने सर्वसाधारण सल्ला दिला की किनारपट्टीवर थंडी कमी पडते, कोबीला गड्डा धरायला पुरेशी थंडी मिळाली पाहिजे. मी तिचे आभार मानले. बर्फाचं नाव त्या बिचारीने अजिबात काढलं नव्हतं, हे इथे मुद्दाम नोंदवतो. बर्फ सर्वस्वी माझा.

चोपड्याहून सुभाष नावाचा मासळीवाला रोज सकाळी टेम्पो घेऊन आमच्या वाड्यावर येतो आणि दुपारी रिकामे ट्रे घेऊन परत जातो. ट्रेमध्ये बर्फ उरलेला असतो. मी त्याला अडवला आणि बादली पुढे केली.

"भाऊ, मासे संपले," तो म्हणाला.

"मासे नकोत. बर्फ दे."

"बरफ कित्याक?"

मी त्याला खरं कारण सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या घराकडे बघितलं, घरात कुणी शहाणं माणूस आहे का हे बघतात तसं, आणि मुकाट्याने अर्धी बादली भरून दिली. पुढे पंधरा दिवस तो दुपारी दारात थांबून हॉर्न वाजवायचा. त्या हॉर्नला काय म्हणायचं हेही वाड्यावर ठरून गेलं होतं: कोबीचा डॉक्टर इलो.

शालू वहिनीच्या दोन खोल्या ती पाहुण्यांना भाड्याने देते. त्या वेळी तिथे बर्फाच्या कुठल्याशा देशातून आलेली एक वयस्कर बाई उतरली होती. मी झाडांच्या बुंध्याशी बर्फ पसरत असताना ती जाळीपाशी उभी राहून बघत राहिली. शेवटी तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की तिच्या देशात बर्फ पडायच्या आत कोबी घाईघाईने काढून घरात नेतात. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिला समजावलं की म्हणूनच त्यांची प्रगती झालेली नाही.

बर्फ घालायला लागून चार दिवस झाले असतील, मी सतरा नंबरच्या झाडाशी वाकलो आणि बर्फाची बादली खाली ठेवली. बुंध्याला, जमिनीच्या जरा वर, लिंबाएवढी गाठ आली होती. अठरा नंबर बघितला. गाठ. एकोणीस, गाठ. सगळ्या वाफ्याला साथ लागली होती. पुस्तकात शोधलं तर कोबीच्या मुळांना गाठी आणणारा एक रोग दिला होता आणि त्यावर उपाय म्हणून एकच वाक्य होतं: रोगट झाडं उपटून नष्ट करावीत.

आता तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? हळदीकुंकवाला तीन आठवडे उरलेले, गावभर डंका झालेला, बायको एका साडीचं दुःख जेमतेम गिळून परत बोलायला लागलेली. शेतकी ऑफिसात फोन करायची सोय वाणापायी मी गमावलेली. मी तेच केलं जे खाणीवर ट्रक दरीत घसरला की सुपरवायझर करायचा. वरून माती टाकली. प्रत्येक बुंध्याला चांगली ओंजळभर भर दिली आणि वर आंब्याकाजूचा पातेरा, म्हणजे वाळलेली पानं, वीतभर पसरली. कुणी विचारलंच तर सांगायला कारण तयार होतं: बर्फ लवकर वितळू नये म्हणून. गाठी दिसेनाशा झाल्या. मलाही जरा बरं वाटलं.

मग मांजरं आली.

पहिल्या दिवशी दोन होती. मासळीचा बर्फ वितळून जमिनीत मुरत होता, वर पातेरा दडपलेला, दुपारचं ऊन. तिथे काय दरवळ सुटला असेल तो आम्हाला सवयीने कळत नव्हता, पण मांजरांना मांद्र्याच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत कळला. आठवड्याभरात हजेरी अकरावर गेली. (मांजरांचीही घेत होतो. सवय.) कोबीच्या दोन रांगांमध्ये ती ओळीने बसायची, डोळे मिटून, अबोली गाठींच्या मधे, जणू तीही तिथेच लावलेली आहेत. हाकलली की जाळीबाहेर जायची, मी पाठ फिरवली की परत येऊन आपापल्या नंबरापाशी बसायची.

सुनंदा वरून म्हणाली, "सोमवारचा उपास आहे माझा. निदान आजच्या दिवस तरी परसाला आंघोळ घाला."

शेवटी हळदीकुंकवाच्या आदल्या संध्याकाळी शालू वहिनीलाच दया आली. तिने तिचा कुत्रा माझ्या हवाली केला. त्याचं नाव बंड्या. बंड्याला बघून मांजरं खरोखरच पळाली. मी त्याला जाळीच्या आत सोडला, जाळीचं दार बांधलं आणि निश्चिंत मनाने वर आलो. बंड्याला नाक आहे, ही गोष्ट माझ्या हिशेबात आलीच नव्हती.

सकाळी सातला हजेरीला उतरलो आणि शेवटच्या पायरीवरच बसलो. पातेरा परसभर उधळला होता. माती उकरून बाहेर फेकली होती. अबोली चिंध्या जाळीला, शेवग्याला, बंड्याच्या कानाला लटकत होत्या. मासळीच्या वासामागे त्याने वाफ्याची एकही ओळ सोडली नव्हती, आणि आता एका झाडाच्या बुंध्यापाशी बसून तो काही तरी कुरतडत होता. सगळ्या झाडांच्या बुंध्यांशी त्या गाठी उघड्या पडल्या होत्या. लिंबाएवढ्या नव्हत्या आता. एकेक गाठ शहाळ्याएवढी, हिरवीगार, गुळगुळीत. रोग किती पुढे गेला होता ते एका नजरेत दिसत होतं.

वरून सुनंदाचा आवाज आला. ती विचारत होती की कोबी कधी काढणार, चार वाजता बायका येतील, धुऊन पुसून ठेवायला वेळ लागेल.

मला खरोखर वाईट वाटत होतं, आणि ते कोबीबद्दल नव्हतं. साठ दिवस तिने एकदाही मला म्हटलं नव्हतं की हे जमणार नाही. आता संध्याकाळी चाळीस बायकांसमोर रिकामं तबक घेऊन ती उभी राहणार, आणि त्यातली प्रत्येक बाई घरी जाऊन नवऱ्याला सांगणार. तेवढ्यात शालू वहिनी कुत्र्याला न्यायला आली आणि जाळीपाशी थबकली.

"अगो बाय माझे," ती हळूच म्हणाली. "भावजी, केवढे हे नवलकोल."

मी तिला सांगितलं की कृपा करून आज थट्टा नको, ते कोबीच आहेत आणि ते आजारी आहेत.

"नवलकोल, भावजी."

मी पुस्तकातलं रोगाचं नाव सांगितलं. लक्षणं सांगितली. तिने ऐकून घेतलं, कमरेचा कोयता काढला, जवळचं एक झाड बुंध्याशी छाटलं, गाठीची साल सोलली, आतला पांढराशुभ्र गर कापून एक फोड माझ्या पुढे धरली. मी फोड तोंडात टाकली. करकरीत, गोडसर, पाणीदार. आयुष्यभर डाळ घालून जी भाजी मी खात आलो होतो, चण्याच्या डाळीबरोबर दुसऱ्यांदा मागून घेत आलो होतो, तीच ती. फक्त ती जमिनीवर असताना कशी दिसते हे मी साठ वर्षांत कधी बघितलेलं नव्हतं.

पायरीवर बसल्या बसल्या मला म्हापशाची ती बाई आठवली, आणि मी उचललेल्या तांबड्या दोऱ्याच्या जुड्या, आणि तिने माझ्याकडे बघून सोडून दिलेलं बोलणं. मग मी हिशेब केला. कोबीला लागतात ऐंशी दिवस. माझ्याकडे कोबी असता तर आज त्रेचाळीस झाडांवर एकही गड्डा नसता. नवलकोल पन्नास-पंचावन्न दिवसांत तयार होतो. आणि मासळीचं पाणी पंधरा दिवस पोटभर मिळालेला नवलकोल कसा होतो, ते समोर दिसत होतं. मी ठार चुकलो होतो आणि बरोब्बर वेळेवर पोचलो होतो.

मी आणि शालू वहिनीने मिळून ते काढले. बंड्याने चार कुरतडले होते, दोन तडकले होते, एक आम्ही खाल्ला. उरले छत्तीस. टोपल्या भरून, वर फडकं टाकून मी बारा पायऱ्या चढलो आणि चढता चढता एक भाषण जुळवलं. उंबऱ्याबाहेर टोपल्या ठेवल्या आणि सुनंदाला सांगितलं की कोबी काय, कुणीही देईल. मी मुद्दामच शेवटपर्यंत गुप्तता राखली, तुला चकित करायचं होतं. आणि फडकं ओढलं.

ती चकित झाली नाही. तिने एक नवलकोल हातात घेऊन वजन करून बघितलं.

"नार्व्याला माझ्या माहेरी नदीकाठी दर वर्षी वाफेच्या वाफे लागतात याचे," ती म्हणाली. "अळीने खाल्लेलं पान दाखवायला आणलंत ना तुम्ही वर, तेव्हाच ओळखलं मी."

"त्याला महिना झाला."

"झाला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही सगळे उपटून कोबी लावला असता."

आणि मी खरंच लावला असता. माझा चेहरा बघून तिला हसू आलं. मग तिने सांगितलं की साडी फाडलीत त्या दिवशी मात्र बोलणारच होते, पण खाली झाडं इतकी छान आली होती की जीभ आवरली. आणि मग त्या बंदीनंतर पहिल्यांदाच तिने मला चहाला आत बोलावलं. स्वयंपाकघराच्या आत. बसायला पाट दिला. मी नारळाकडे बघितलंसुद्धा नाही.

चार वाजता बायका यायला लागल्या. चाळीस येतील असा अंदाज होता, आल्या त्रेपन्न, कारण बर्फातला कोबी बघायला वाड्यापलीकडच्याही आल्या होत्या. हळदकुंकू झालं, तिळगूळ झाला आणि सुनंदाने पहिल्या बाईच्या ओटीत पानांसकट एक टपोरा नवलकोल ठेवला. मग त्या बाईने तो दोन्ही हातांत धरून उचलून बघितला आणि आजूबाजूला दाखवला, आणि त्यानंतर आमच्या बलकांवात जे झालं त्याला गर्दी म्हणत नाहीत. हिचा मोठा, तिचा लहान, अदलाबदल, भाजी करायची की डाळीत घालायचा यावरून दोन तट. छत्तीस संपल्यावर सतरा जणी उरल्या, तर शालू वहिनीने आपल्या परसातल्या तांबड्या भाजीच्या जुड्या आणि जमलेला उरलासुरला नवलकोलाचा पाला त्यांच्या ओटीत घातला. पाल्यासाठीसुद्धा थोडी ओढाताण झाली. तीन बायकांनी मला पडद्याआडून बोलावून विचारलं की इतका मोठा कसा केलात. मी म्हटलं, खतपाणी आणि नियमितपणा. खोटं नव्हतं.

मग कुणी तरी सुनंदाला नाव घ्यायचा आग्रह केला. लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर बायका उखाण्याला आढेवेढे घेतात. ही ताडकन तयार झाली. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. तिने पदर सारखा केला, पडद्याकडे एकदा बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"लावायला गेले कोबी, बर्फ घातला गारेगार,
यशवंतरावांच्या हट्टापुढे नवलकोलच हुशार."

त्रेपन्न बायका एकदम हसल्या तर कसा आवाज होतो, हे ज्याला ऐकायचं असेल त्याने त्या वेळी मांद्र्याच्या तिठ्यावर उभं राहायला हवं होतं. तिथपर्यंत गेला, असं सुभाष सांगतो. मी पडद्याआड तिळगुळाचं ताट धरून उभा होतो. लाज वाटायला हवी होती. पण हसणारी सुनंदा पडद्याच्या फटीतून अशी दिसत होती की मीही हसलो, आणि ताटातले चार लाडू खाली पडले.

पुढच्या महिन्यात बचत गटाची एक मुलगी दारात आली. परसबागेवर कार्यक्रम होता आणि त्यांना मार्गदर्शनासाठी मी हवा होतो. तिने रीतसर छापलेलं निमंत्रण हातात दिलं. मी चष्मा लावून वाचलं. पाकिटावर लिहिलं होतं: श्री. यशवंतराव नवलकोलकर.

मी म्हटलं, नाव बरोबर आहे, पण आडनाव चुकलंय.

ती बिचारी गोरीमोरी झाली. वाड्यावर ज्याला त्याला विचारलं तर सगळ्यांनी हेच सांगितलं, म्हणाली. पेन काढून पाकिटावर वाकली आणि खरं आडनाव विचारलं.

मी क्षणभर विचार केला. खरं आडनाव मांद्रेकर. आमच्या एका वाड्यावर मांद्रेकरांची एकोणीस घरं आहेत, आणि त्यातल्या एकालाही आजवर कुणी कसलंच मार्गदर्शन मागितलेलं नाही.

"असू दे," मी म्हणालो. "आहे ते बरोबर आहे."